वर्षाच्या आतले लग्न

पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी बेळगावच्या कोर्टाबाहेर टेबल मांडून बसतो आणि लोकांचे अर्ज, विनंत्या व प्रतिज्ञापत्रे लिहून देतो. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. तरीही शिपाई म्हणून भरती झालेला माणूस एएसआय, म्हणजे सहायक उपनिरीक्षक, या पदापर्यंत पोहोचला तो जबाब लिहिण्याच्या हातोटीवर, हे येथे नमूद करण्यात मला संकोच वाटत नाही. मी लिहिलेला जबाब उलटतपासात सहसा डगमगला नाही. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, बांधाची भांडणे, बेपत्ता माणसे असे पुष्कळ काही हाताखालून गेले आणि त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. एक प्रकरण मात्र वेगळे राहिले. त्यात खून कोणी केला याचा शोध घ्यायचा नव्हता. ते सर्वांना ठाऊक होते. खून झालेच नाहीत असे म्हणणाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न होता. असा प्रश्न खात्याच्या कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेला नाही.

निपाणीच्या अलीकडे एक गाव आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मी देणार नाही. त्यांचे जे झाले ते पुरेसे आहे. त्या गावात एका इसमाकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची दुनळी बंदूक होती. बांधावरून त्याचे दोन-तीन घरांशी वैर होते. एका सकाळी दूध संकलन केंद्रापुढे लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असताना तो बंदूक घेऊन आला आणि त्याने रांगेवर गोळ्या झाडल्या. ज्यांच्याशी वैर होते ते त्या रांगेत नव्हतेच. बंदूक दोन-दोन काडतुसांची. मध्ये थांबून त्याने ती पुन्हा भरली. चौघे जागीच गेले, काही जखमी झाले, आणि शेवटी केंद्राच्या मागे जाऊन त्याने स्वतःवरच बार काढला.

मी त्या वेळी त्या हद्दीच्या ठाण्यात होतो. घटनास्थळाचा पंचनामा माझ्या हातचा आहे. सांडलेले दूध गटारापर्यंत गेले होते आणि कुत्री त्याच्याजवळ यायला तयार नव्हती. मृतांमध्ये पंचविशीच्या आतला एक तरुण होता. त्याला उचलून रुग्णवाहिकेत ठेवताना त्याच्या खांद्याकडची बाजू मी धरली होती. त्याच्या वडिलांना सारे गाव आप्पा म्हणते. मीही तसेच म्हणेन.

आरोपी मयत झाल्यामुळे खटला उभा राहिला नाही. तपासाचा अंतिम अहवाल कोर्टात गेला आणि प्रकरण बंद झाले. कायद्याने हे योग्यच होते. परंतु आरोपी पिंजऱ्यात उभा राहिलेला कोणी पाहिला नाही, साक्षीदार शपथेवर बोलले नाहीत, तारखांच्या बातम्या आल्या नाहीत. खटल्याने जी जागा भरली असती ती रिकामी राहिली, आणि पुढचे सगळे त्या रिकाम्या जागेत शिरले.

काही महिन्यांनी आप्पा ठाण्यात आले. माझे एक निरीक्षण आहे. मालमत्तेची तक्रार घेऊन आलेला माणूस खुर्ची ओढून बसतो. ज्याचे माणूस गेले आहे तो उभाच राहतो. आप्पा उभे होते.

“साहेब, एक इचारू काय? माझं पोरगं मेलंय का जितं हाय?”

“आप्पा, असं काय विचारताय? मीच की उचललं त्याला.”

“तुमी उचललं. मी अग्नी दिला. मग ह्ये काय बोलतंय?” असे म्हणून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

त्यात एक तरुण कॅमेऱ्यासमोर बसून बोलत होता. भाषा मराठी, पण आपल्या भागाची नव्हे. त्याचे म्हणणे असे की, सीमाभागातला हा गोळीबार हे रचलेले नाटक आहे. आरोपी कुठे आहे? मेला म्हणतात. खटला कुठे आहे? बंद झाला म्हणतात. कॅमेऱ्याचे चित्रण कुठे आहे? नाही म्हणतात. जुनी दुनळी बंदूक आणि चार माणसे, हे जमते तरी कसे? आणि मग सर्वांत मोठा पुरावा म्हणून त्याने दोन छायाचित्रे दाखवली. एकात आप्पा फेटा बांधून मांडवात उभे होते. दुसऱ्यात त्यांची पत्नी हळदीच्या वेळी लेकीशेजारी बसून हसताना दिसत होती. “ज्या घरातला तरुण मुलगा गोळी लागून मेला, त्या घरात पाच महिन्यांत मांडव पडतो?” असे विचारून तो थांबत होता आणि पुढे म्हणत होता, “मुलगा गोव्यात आहे. पाहणाऱ्यांनी पाहिलाय.”

आता वस्तुस्थिती सांगतो. घरातले माणूस गेले की शुभकार्य वर्षाच्या आत उरकून घ्यायचे, नाहीतर तीन वर्षे थांबायचे, हा रिवाज आपल्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. आप्पांच्या मुलीची सुपारी भाऊ जिवंत असतानाच फुटली होती. तीन वर्षे मुलगी घरात ठेवण्यापेक्षा लग्न उरकावे, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले. वाजप नाही, वरात नाही. आप्पांच्या डोक्याला फेटा बांधला तो भावकीने, तोही बळेच. आणि आईचे ते हसू म्हणाल, तर ते हसू नव्हते. रडू आवरताना बाईचे तोंड वेडेवाकडे होते. थांबवलेल्या चित्रात ते हसल्यासारखे दिसते. इतका वेळ मृतांच्या नातेवाइकांबरोबर घालवल्यावर एवढे मला ओळखता येते.

“बोलू द्या लोकांना, आप्पा. आठ दिवसांनी दुसरं काहीतरी बघतील,” मी म्हणालो.

“माझं न्हाय ओ साहेब. पोरीचं हाय.”

मुलगी वेदगंगेच्या पलीकडे, कागल भागात दिली होती. पहिल्या पंचमीला तिला माहेरी आणले. आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ नसल्यामुळे तिचा चुलतभाऊ गेला होता. पंचमी झाली, मुलीची पिशवी भरून ठेवली, पण सासरहून न्यायला कोणी आले नाही. आप्पांनी फोन केला तेव्हा व्याही म्हणाले, “पावनं, पोरगा गोव्यात हाय असं लोक बोलाय लागल्यात. आमच्या पोराला कंपनीत दोस्त इचारत्यात. आदी ह्येचा काय त्यो निकाल लावा, मग सूनबाईला न्यायला येतो.”

“आता मेलेल्याचा निकाल मी कसा लावू, सांगा,” आप्पा म्हणाले.

आमचे पीएसआय साहेब वयाने माझ्याहून लहान, कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाकडून बदलून आलेले. त्यांनी माझ्याकडून सगळे ऐकून घेतले आणि कन्नडमध्ये म्हणाले, “इरली बिडी, मोबाईलवर लोक काहीही टाकतात. अदखलपात्र नोंद करा आणि पावती द्या.” इरली बिडी म्हणजे असू दे, सोडून द्या. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी जत्रेच्या बंदोबस्ताला अर्धे ठाणे बाहेर होते. मी नोंद केली. आप्पांनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली आणि बसस्टँडकडे गेले.

पुढच्याच आठवड्यात दोन तरुण मोटारसायकलवरून आप्पांच्या घरी गेले. आप्पा शेतात होते. त्या दोघांनी मोबाईल सुरू ठेवून आईला विचारले, “मावशी, खरं सांगा, पोरगा कुठं हाय?” बाईने भिंतीकडे बोट दाखवले. तेव्हा एकाने भिंतीवरचा मुलाचा हार घातलेला फोटो उतरवला आणि उलटा करून मागे काय आहे ते पाहिले. बाई जागेवर कोसळली. लेक ओरडत बाहेर आली, शेजारी धावले, दोघे पळाले. घरात घुसणे आणि दमदाटी असा दखलपात्र गुन्हा झाल्यावर साहेबांनी ‘इरली बिडी’ म्हटले नाही. त्याच दिवशी एफआयआर झाला.

गाडीचा नंबर एका शेजारणीने लक्षात ठेवला होता, त्यामुळे दोघे लगेच मिळाले. चिकोडीकडचे, शिकलेले, बऱ्या घरचे. ठाण्यात आणल्यावर त्यांनी आधी वकिलाला फोन करू द्या म्हटले आणि मग चहा मिळेल का विचारले.

“कशाला गेला होता?”

“खात्री करायला, साहेब.”

“मग झाली खात्री?”

“कशी हुणार? फोटो काय, कुणाचाबी छापून मिळतो.”

“पंचनामा मी लिहिलाय. प्रेत मी उचललंय.”

धाकटा थोडा धीट होता. “तुमास्नी लिवायला सांगितलं असंल की,” तो म्हणाला.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या पंचनाम्यावर पुष्कळ वकिलांनी शंका घेतल्या आहेत. तथापि तो माझ्यासमोर बसून, माझ्याच टेबलावर, चहा पिता पिता कोणी नाकारला नव्हता. मला राग आला, हे खरे आहे. परंतु रागावलेला अधिकारी तपास करू शकत नाही. मी विचारले, “बरं, मग काय दाखवलं म्हणजे तुमची खात्री होईल?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. असा प्रश्न त्यांना आधी कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही नव्हता.

चॅनेल चालवणारा तरुण महाराष्ट्रातल्या एका शहरात राहत होता. सायबर विभागाने पत्ता काढला, नोटीस गेली, आणि तो आपल्या आईला बरोबर घेऊन निपाणीच्या बसने आला. प्रत्यक्षात तो व्हिडिओतल्यापेक्षा बराच बारीक आणि घाबरट निघाला.

“गोळीबार झाला नाही असं मी कुठं म्हणालो? मी फक्त प्रश्न विचारले,” त्याने सांगितले.

“कोणाला विचारले?”

“प्रेक्षकांना.”

“त्या गावात कधी गेला होतास?”

“नाही.”

“म्हणजे ज्यांना उत्तर माहीत होतं त्यांना सोडून बाकी सगळ्यांना विचारलंस.”

त्याला मी लग्नाचा रिवाज समजावून सांगू लागलो, तेवढ्यात त्याची आईच मध्ये बोलली. “थांबा हो साहेब. एवढ्यावरून हा बोलला होय? अरे, तुझे आजोबा गेले आणि तिसऱ्या महिन्यात आपण तुझी आत्या उजवली! मांडवात त्यांचा फोटो ठेवला होता.”

“आई, मी तेव्हा जन्मलो तरी होतो का?”

“मग जे जन्माआधीचं ते विचारावं माणसानं. घरात आई आहे तुझी.”

ठाण्यातले सगळे हसले, पीएसआय साहेबसुद्धा. त्यांना मराठी समजत नाही असा आमचा तोवर समज होता. तरुणाने लेखी हमी दिली आणि व्हिडिओ आमच्यासमोर काढून टाकला. फोटो कोणी दिले असे विचारल्यावर तो म्हणाला की, ‘त्या गावाच्या आसपासच्या कोणी माहिती पाठवावी’ असे त्याने आधीच्या एका व्हिडिओखाली लिहिले होते, त्यावर कोणी खोट्या नावाच्या खात्यावरून पाठवले. ते खाते आता बंद होते.

व्हिडिओ काढून टाकला, परंतु त्याच्या नकला फिरत राहिल्या. एक काढून टाकावी तर वेगळ्या नावाने दुसरी. आणि मुलगी माहेरीच होती. तिची पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली मी स्वतः पाहिली. आईने ती रिकामी करू दिली नव्हती. व्याह्यांचे म्हणणे आता आणखी पुढे गेले होते: पोलिसांनी व्हिडिओ दडपला, म्हणजे त्यात काहीतरी असणार. खोट्याची ही गंमत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ते खोडावे तर खोडणे हाच त्याचा पुरावा होतो.

अशात एका दुपारी ठाण्याचा फोन वाजला. मी ड्यूटीवर होतो. बाईचा आवाज होता.

“साहेब, हळदीच्या दिवशी मोबाईल कुणाच्या हातात हुता त्ये बगा. भायेरचं कोण न्हवतं तवा.”

फोन बंद झाला. मी नाव विचारले नाही. खबर देणाऱ्याचे नाव जितके कमी माणसांना ठाऊक तितके बरे, हा जुना नियम आहे, आणि त्या कमी माणसांत मी स्वतःलाही धरतो.

खबर बरोबर होती. मांडवातला फोटो कोणीही काढू शकतो. हळदीचा फोटो माजघरातला होता, आणि दुखवट्याचे घर म्हणून हळदीला भावकीतल्या जवळच्या माणसांशिवाय कोणी बोलावलेले नव्हते. त्यात मोबाईल हातात धरून फिरणारा एकच होता. आप्पांचा पुतण्या. मृत मुलाच्या बरोबरीचा, एका अंगणात वाढलेला, आणि पंचमीला मुराळी म्हणून गेलेला तोच.

मला हे पटेना. एकदम बोलावून दरडावण्यापेक्षा मी आधी जुने प्रकरण उघडले. त्याचा तेव्हाचा जबाब त्यात होता: त्या सकाळी आपण दूध घालायला गेलोच नव्हतो, उसाला पाणी पाजत होतो. तेव्हा कोणाला शंका घेण्याचे कारण नव्हते. मग मी मुद्देमालाच्या खोलीत गेलो. घटनास्थळी मिळालेल्या किटल्या प्रकरण बंद झाल्यावर ज्याच्या त्याला परत दिल्या होत्या. एक स्टीलची किटली मात्र कोणीच नेली नव्हती. खेड्यात माणूस दुधाची किटली सोडत नाही. कड चेपली तरी ठोकून घेतो. ही किटली चांगली होती आणि तरी तिला मालक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी संपल्यावर मी पुतण्याला बोलावून घेतले. तो आला, चप्पल दाराबाहेर काढली आणि बाकावर बसला. मी त्याला फोटोबद्दल काही विचारले नाही. किटली टेबलावर ठेवली.

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

“तुझी का रे?”

“व्हय.”

“मग न्यायला का आला नाहीस?”

“न्यायला आलो असतो तर मी तितं हुतो असं झालं असतं की, साहेब.”

यापुढे मला प्रश्न फारसे विचारावेच लागले नाहीत. दोघे रोज बरोबरच दूध घेऊन जायचे. त्या सकाळी चुलतभाऊ पुढे आणि हा त्याच्या पाठीमागे उभा होता. पहिला बार झाला आणि हा किटली टाकून पळाला. उसातून पळत जाऊन विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत शिरला आणि संध्याकाळपर्यंत तेथेच बसून राहिला. मागे वळून पाहिले नाही. घरी आला तेव्हा अंगणात माणसे जमली होती. काकूने, म्हणजे मृताच्या आईने, त्याला पाहिले आणि एकच विचारले, “तू कुटं हुतास रं?”

“काय सांगितलंस?”

“उसात पाणी पाजत हुतो म्हटलं. मग पोलिसास्नीबी त्येच सांगितलं. मग मोडताच येईना.”

“काकूनं पुन्हा विचारलं?”

“न्हाय. एकदाबी न्हाय. तिनं इचारलं असतं तर बरं झालं असतं.”

“आणि फोटो का पाठवलेस? बहिणीच्या हळदीचे?”

मी आजवर अनेकांची कारणे ऐकली आहेत: पैसा, वैर, दारू, बाई. याचे कारण मी कोणत्याही जबाबात लिहिलेले नव्हते.

“त्येचा पयला व्हिडिओ मी रोज बगायचो, साहेब. झोपायच्या आदी, उटल्यावर. त्यात कायबी झालेलंच न्हाय. कोण मेलेलं न्हाय. आन् कोण पळालेलं न्हाय.” मग म्हणाला, “मला वाटलं, फोटू दिलं तर त्यो अजून करंल.”

“वर्षाच्या आतलं लग्न तुला माहीत होतं ना?”

“मला माहीत हुतं की. त्येला माहीत न्हवतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर मोडलंच असतं सगळं.”

दुपारी त्याची आई जेवणाचा डबा घेऊन आली. “जेवान आणलंय, साहेब,” एवढेच ती म्हणाली आणि डबा टेबलाच्या कडेला ठेवला. आवाज ओळखीचा होता. मी मान हलवली आणि डबा तिच्या मुलाकडे सरकवला. ही गोष्ट मी कोणत्याही कागदावर आणलेली नाही आणि तिच्या मुलालाही सांगितलेली नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, घरचा फोटो कोणाला पाठवणे हा काही गुन्हा होत नाही. बंद झालेल्या प्रकरणात त्याच्या नव्या जबाबाने काही फरक पडणार नव्हता. साहेब म्हणाले, “साक्षीदार म्हणून जबाब घ्या आणि सोडा.” मी कन्नडमध्ये जबाब लिहिला, मराठीत वाचून दाखवला, त्याने सही केली. तपास येथे संपला होता. मुलगी मात्र अजून माहेरीच होती.

म्हणून मी त्याला उठताना म्हटले, “इथं सांगितलंस ते तिकडं सांगशील काय? व्याह्यांसमोर?”

“काकू आसंल तितं.”

“असणारच.”

तो किटली उचलून उभा राहिला, पुन्हा खाली ठेवली. “आक्काला मीच आणलंय, साहेब. मीच सोडून येतो की गाडीवरनं.”

“तू सोडून उपयोग नाही. त्यांनी न्यायला आलं पाहिजे. आपल्यात कसं असतं ते तुला सांगायला पाहिजे काय?”

व्याह्यांना बोलावण्याचा मला काही अधिकार नव्हता. त्यांच्याविरुद्ध तक्रारच नव्हती. मी सुटीच्या दिवशी साध्या कपड्यांत वेदगंगेपलीकडे गेलो आणि विनंती केली. सरकारी भाषेत विनंती कशी करायची हे मला चांगले येते. व्याही माणूस वाईट नव्हता. “आमी पोरीला काय बोललो न्हाय ओ,” तो म्हणाला. “पन लोकांची तोंडं कोन धरनार?” तरी तो आला, बरोबर गावातला एक वडीलधारा माणूस घेऊन आला.

आप्पांच्या सोप्यात घोंगडे अंथरले होते. पाहुणे बसले, चहा झाला. मुलगी आतल्या दारात उभी होती. आई भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर. पुतण्या अंगणातून आत आला आणि घोंगड्यावर न बसता तसाच उभा राहिला.

“मी हुतो तितं,” तो म्हणाला. “भाऊच्या पाटीमागंच उबा हुतो. पयला बार झाला आन् मी पळालो. मोटारीच्या खोलीत दडून बसलो. त्येला बगितलंबी न्हाय. आन् त्ये फोटू मीच पाटवल्यात.”

आप्पा एकदम उठले. मला वाटले, मारतील. मीही उठलो. पण ते दारापर्यंत गेले आणि बाहेर पाहत तेथेच पाठमोरे उभे राहिले. बाहेर म्हैस ओरडत होती, तिच्याकडे कोणी गेले नाही.

शेवटी व्याह्यांबरोबर आलेला वडीलधारा माणूस म्हणाला, “माणूस चार लोकांत आपली अब्रू वाढवाय खोटं बोलतो. आपली अब्रू घालवाय कोण खोटं बोलंल? ह्यो खरं बोलतोय.”

व्याह्यांनी मान हलवली. ते आप्पांच्या पाठीकडे पाहत म्हणाले, “पावनं, आमचं चुकलं. सूनबाईला तयारी कराय सांगा. तीनची गाडी गावंल.”

घरात घुसणाऱ्या दोघांनी पुढे कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला. व्हिडिओच्या नकला अजून फिरतात. मध्यंतरी खडेबाजारातला एक व्यापारी माझ्याकडे प्रतिज्ञापत्र लिहायला आला आणि तोच व्हिडिओ मला दाखवून म्हणाला, “अण्णा, तुम्ही पोलिसात होता की, ह्यातलं खरं किती?” मी म्हटले, ते प्रेत मी या हातांनी उचलले आहे. तो म्हणाला, “तसं न्हवं, तरीबी कायतरी आसंलच की.” पूर्वी मी अशा माणसाशी वाद घातला असता. आता घालत नाही. पुरावा हा ज्याला निर्णय करायचा आहे त्याच्यासाठी असतो. ज्याचा निर्णय आधीच झाला आहे त्याला पुरावा म्हणजे एक अडचण असते. अशा माणसासमोर मी कागद ठेवत नाही. त्याला ती गोष्ट खोटी असण्याची गरज कोठे आहे, ते पाहतो. कोणाला करमणूक हवी असते, कोणाला आपण फसत नाही हे दाखवायचे असते, आणि एखाद्याला रात्री झोप हवी असते. हा शेवटचा सर्वांत अवघड, कारण त्याला खरे काय ते सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते.

त्या दिवशीचे एक सांगायचे राहिले. मुलगी आत लुगडे बदलायला गेली, व्याही आणि तो वडीलधारा माणूस हात धुवायला अंगणात गेले, आप्पा त्यांच्यामागे गेले, आणि सोप्यात आम्ही तिघेच उरलो. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. पुतण्या अजून उभाच होता. तिने त्याला पळाल्याबद्दल काही विचारले नाही, फोटोबद्दलही नाही.

“शेवटचं काय बोलला रं त्यो?”

पुतण्याला क्षणभर समजले नाही. मग तो म्हणाला, “कायबी न्हाय काकू. असंच. म्हणला, आईनं आज चटणीत मीटच घातलं न्हाय.”

बाईने पदर तोंडाला लावला. “व्हय,” ती म्हणाली. “वाटताना लाईट गेलती. इसरलेच मी.” थोड्या वेळाने पुन्हा विचारले, “मग तसाच उपाशी गेला व्हय?”

“न्हाय गं. दोन भाकरी खाल्ल्या म्हणत हुता.”

“दोन खाल्ल्या?”

“दोन.”

ती मान हलवत राहिली. गावाने, चॅनेलवाल्याने, व्याह्यांनी आणि आम्ही पोलिसांनी इतके महिने तिचा मुलगा मेला की नाही यावर वाद घातला होता. तिचा त्याबद्दल काही प्रश्नच नव्हता. तिला एवढेच हवे होते, आणि ते ज्याच्यापाशी होते तो आपण तेथे नव्हतोच असे म्हणत तिच्याच अंगणात वावरत होता.

हा संवाद मी जबाबात घेतला नाही. तपासाच्या दृष्टीने त्याला महत्त्व नव्हते.